रंगाची गोळी आणि डोळ्याची बाहुली

अशी कल्पना करा, की तुम्ही वनखात्यात कामाला आहात. जंगलातील कोणती झाडे तोडायची आणि कोणती राखायची, याच्या खुणा रंगाने करावयाच्या आहेत. पण एक झाड उभे आहे नेमके ओढ्याच्या पलीकडे, काटेरी जाळीच्या मधोमध. रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन तिथवर जायचे म्हणजे अर्धा तास मोडणार. मग काय कराल? माणसाने झाडापर्यंत जाण्याऐवजी रंगच झाडापर्यंत पाठवता आला तर?

अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनी वनकर्मचाऱ्यांसाठी झाडांवर खुणा करण्याचे रंग बनवीत असे. तिने हाच विचार केला. रंगाने भरलेली छोटी गोळी आणि ती वायूच्या दाबाने दूर फेकणारे पिस्तूल, अशी जोडी तयार झाली. ‘नेल-स्पॉट ००७’ नावाचे हे पिस्तूल १९७०च्या दशकात वापरात आले. वनकर्मचारी त्याने झाडांवर आणि गुराखी आपल्या गुरांवर दुरूनच खूण करू लागले. या साधनाचे काम खूण करण्याचे, म्हणून खेळाडू आजही त्याला बंदूक न म्हणता ‘मार्कर’ म्हणतात.

झाडावरून माणसाकडे

हे पिस्तूल पुढे खेळात कसे आले, तीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. चार्ल्स गेन्स हा लेखक आणि हेज नोएल हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला दलाल, हे दोघे मित्र. त्यांच्यात एकदा वाद रंगला. रानात टिकून राहण्याची पाळी आली तर शहरातला चलाख माणूस सरस ठरेल, की रानावनाची सवय असलेला? वाद तोंडाने मिटेना. तेव्हा बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राला बरोबर घेऊन त्यांनी खेळाचे नियम तयार केले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशर राज्यातील हेनिकर या गावाजवळच्या रानात बारा जण ‘नेल-स्पॉट’ पिस्तुले घेऊन उतरले. रानात ठिकठिकाणी ठेवलेली निशाणे गोळा करायची, आणि अंगावर रंगाची गोळी फुटली की बाद व्हायचे, असा तो खेळ. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनात काम करणारा माणूस. गंमत अशी, की त्याने त्या दिवशी एकही गोळी उडवली नाही. तो झाडाझुडपांच्या आडोशाने गुपचूप फिरला आणि निशाणे घेऊन बाहेर आला.

हाच आजचा पेंटबॉल. पुढे तो जगभर पसरला. आपल्याकडेही मोठ्या शहरांच्या आसपास, थंड हवेच्या ठिकाणी, सहलीच्या जागी त्याची मैदाने झाली आहेत. कदाचित तुमच्यापैकी काहींनी तो खेळलाही असेल. खेळ मोठा मजेचा आहे. पण झाडावर खूण करण्यासाठी बनवलेले साधन आपण माणसावर रोखतो, तेव्हा एक फरक विसरून चालत नाही. झाडाला डोळे नसतात.

पेंटबॉलच्या मैदानावर गेले, की तेथील पंच तुम्हाला नियमांची लांबलचक यादी ऐकवतात. मुखवटा काढू नका, नळीवरची टोपी काढू नका, जवळून मारू नका, असे बरेच काही. पुष्कळांना ती कटकट वाटते. पण यातील प्रत्येक नियमामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातला एखादा साधा सिद्धांत उभा आहे. तो कळला, की नियम पाठ करावा लागत नाही. चला तर, ही यादी विज्ञानाच्या अंगाने तपासू या.

गोळीत असते काय?

‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वांच्या तेलकट, मऊ, चकचकीत गोळ्या तुम्ही औषधांच्या दुकानात पाहिल्या असतील. पेंटबॉलची गोळी ही त्यांचीच मोठी बहीण. तिचे कवच जिलेटिनचे असते आणि ते औषधाच्या गोळीसारख्याच पद्धतीने तयार होते. सुरुवातीच्या गोळ्यांत तैलरंग असे. तो अंगावरून आणि कपड्यांवरून काढायला टर्पेंटाइन लागे. आता आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा दाट द्रव आणि खाण्याच्या पदार्थांतल्यासारखा रंग असतो. तो साध्या पाण्याने निघतो.

म्हणजे गोळी मऊ, कवच पातळ आणि रंग निरुपद्रवी. मग भ्यायचे कशाला? इथेच पुष्कळांची फसगत होते. वस्तू कशाची बनली आहे, एवढ्यावर तिचा मार ठरत नाही. ती किती वेगाने येते, हे त्याहून महत्त्वाचे असते. पाण्याइतके मऊ काय आहे? पण उंचावरून सपाट पोटावर पाण्यात पडलेल्या मुलाला विचारून पाहा!

तीन ग्रॅमचा हिशेब

पेंटबॉलच्या नेहमीच्या गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर असतो आणि वजन सुमारे ३ ग्रॅम. बहुतेक मैदानांवर गोळीच्या वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट अशी असते. काही ठिकाणी ती २८० फूट ठेवतात. ३०० फूट म्हणजे सुमारे ९१ मीटर. तासाच्या हिशेबात हा वेग ३३० किलोमीटरच्या जवळ जातो. क्रिकेटमधील अतिवेगवान गोलंदाजाचा चेंडू तासाला १५० किलोमीटरच्या आसपास येतो. गोळीचा वेग त्याच्या दुपटीहूनही अधिक आहे.

आता गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. वस्तुमान ०.००३ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला ९१ मीटर घेतल्यास उत्तर येते सुमारे साडेबारा ज्यूल. हा आकडा नुसता ऐकून काही बोध होणार नाही. एक किलो वजनाचा दगड सव्वा मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याच्यापाशी जवळपास एवढीच ऊर्जा असते. पायावर पडला तर काय होईल, हे सांगायला नको.

सूत्रातली खरी खोच ‘वर्ग’ या शब्दात आहे. वेग दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे ३०० फुटांचा ३३० फूट झाला, तर ऊर्जा दहा नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढते. वेग ४०० फूट झाला, तर ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. ‘थोडासा वेग वाढवला तर काय बिघडते?’ असे म्हणणाऱ्या मित्राला हे गणित कागदावर मांडून दाखवा.

मांडीवर वळ, डोळ्यात अंधार

गोळी मांडीवर किंवा पाठीवर लागली, तर चटका बसल्यासारखे होते. क्वचित काळानिळा डाग पडतो आणि आठ-दहा दिवसांत जातो. तीच गोळी, त्याच वेगाने, उघड्या डोळ्यावर लागली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. असे का व्हावे?

पहिले कारण मापाचे. कवटीतील डोळ्याची खोबण सुमारे चार सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते. निसर्गाने डोळ्याभोवती हाडाचा हा मजबूत कठडा उभारला आहे. क्रिकेटचा चेंडू सुमारे सात सेंटिमीटर व्यासाचा असतो. तो चेहऱ्यावर आला तर आधी कपाळ आणि गालाच्या हाडांवर आदळतो. तोही भयंकरच, पण त्याचा बराचसा मार हाडे झेलतात. पेंटबॉलची गोळी मात्र अवघी १७ मिलिमीटरची. ती या कठड्याच्या आतून निसटून थेट डोळ्यावर पोहोचते. बॅडमिंटनच्या फुलाच्या बुचाने डोळ्यांना इजा होतात, त्याही याच कारणाने.

दुसरे कारण क्षेत्रफळाचे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूपाशी सुमारे ६२ ज्यूल ऊर्जा असते. पण ती ज्या वर्तुळाएवढ्या जागेवर पसरते, त्याचे क्षेत्रफळ आहे सुमारे ४१ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड ज्यूल. पेंटबॉलच्या साडेबारा ज्यूलना जागा मिळते जेमतेम २.३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच ज्यूलच्या वर. हा हिशेब ढोबळ असला, तरी गोळीचा मार साडेतीन पट एकवटलेला असतो, हे त्यावरून दिसते. चप्पल आणि टाचणी यांतला फरक हाच.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मांडी ही स्नायूंची गादी आहे, तर डोळा हा द्रवाने भरलेला, सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा चेंडू आहे. समोर पारपटल, त्यामागे बुबुळ आणि बाहुली, मग नेत्रभिंग आणि सर्वांत मागे दृष्टिपटल. मधली सगळी पोकळी द्रवांनी भरलेली. द्रव दाबून लहान होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरून फटका बसला, की डोळा पुढून-मागून चपटा होतो. पण आतला द्रव जाणार कुठे? म्हणून डोळा कडेच्या बाजूंनी फुगतो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात घडते. आतले नाजूक पडदे एवढ्या वेगाने ताणले जाण्यासाठी बनलेले नाहीत. बुबुळाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फाटून पुढच्या कप्प्यात रक्त साठते. नेत्रभिंग जागेवरून सरकते किंवा पुढे त्यात मोतीबिंदू होतो. दृष्टिपटल फाटते किंवा सुटून येते. आणि सगळे बरे झाले असे वाटत असताना काही वर्षांनी काचबिंदू उद्भवू शकतो.

ध्यानात ठेवा, गोळी मऊ आहे, कवच फुटते आहे, रंग धुऊन जातो आहे, तरीही हे घडते. जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी पेंटबॉलच्या अशा इजांची वर्णने प्रसिद्ध केली आहेत. त्यांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते. यांतले बहुतेक डोळे मुखवट्याआड नव्हतेच. कोणी मुखवट्याविना घराच्या मागे खेळत होता, तर कोणी खेळ संपला असे समजून किंवा भिंगावर धुके आले म्हणून क्षणभर मुखवटा वर केला होता.

पापणी का पुरत नाही?

तुम्ही म्हणाल, ‘गोळी येताना दिसली की डोळे मिटू!’ आता जरा वेळेचा हिशेब करू. दहा मीटरवरून निघालेली गोळी तुमच्यापर्यंत पोहोचायला साधारण सेकंदाचा आठवा भाग घेते. पाच मीटरवरून आली, तर त्याच्या निम्माच वेळ. पापणी मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया अतिशय जलद खरी, पण तिलाही सुमारे एक दशांश सेकंद लागतो. धोका ओळखून मान वळवायला तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळ हवा. शिवाय पापणी मिटली तरी काय उपयोग? कागदाच्या काही घड्यांएवढा पातळ पडदा साडेबारा ज्यूल थोडेच थोपवणार!

अंतराचा मात्र मोठा उपयोग होतो. हवा गोळीला सतत मागे रेटत असते. गोळी हलकी असल्याने तिचा वेग झपाट्याने उतरतो. आमच्या ढोबळ हिशेबाने तीस मीटरवर तो जवळपास निम्म्यावर येतो. वेग निम्मा, म्हणजे ऊर्जा चौथाई! आता सांगा, अगदी जवळ आलेल्या खेळाडूवर गोळी न झाडता त्याला ‘शरण ये’ असे ओरडून सांगण्याचा नियम कशासाठी आहे?

मुखवटा आणि धुके

म्हणूनच पेंटबॉलचा पहिला, दुसरा आणि तिसरा नियम एकच आहे. मैदानाच्या जाळीच्या आत असेपर्यंत मुखवटा चेहऱ्यावरून हलवायचा नाही.

हा मुखवटा म्हणजे साधा चष्मा नव्हे. त्याचे भिंग पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते. ते आघाताने काचेसारखे फुटत नाही, किंचित वाकून मार पचवते. मुखवटा डोळ्यांबरोबर कान, गाल आणि तोंडही झाकतो आणि पट्ट्याने डोक्याला घट्ट बसतो. अमेरिकेत पेंटबॉलच्या नेत्रसंरक्षक साधनांसाठी एएसटीएम संस्थेचे एफ १७७६ हे खास मानक आहे आणि चांगल्या मुखवट्यांवर त्याचा उल्लेख असतो. उन्हाचा चष्मा, पोहण्याचा गॉगल, प्रयोगशाळेतला चष्मा किंवा मोटारसायकलचे शिरस्त्राण, यांतले काहीही त्याच्या जागी चालत नाही. नंबरचा चष्मा वापरणाऱ्यांनी तो आत ठेवून वर मुखवटा चढवावा. चष्म्यावर बसेल असा मोठा मुखवटा मागून घ्यावा. भिंगाला तडा किंवा खोल ओरखडा दिसला, तर मुखवटा बदलून मागावा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पेट्रोल, थिनर, स्पिरिट असली द्रव्ये वापरून भिंग पुसू नये. त्यांनी पॉलिकार्बोनेटला डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे जातात. स्वच्छ पाणी आणि मऊ फडके पुरे.

आता मुखवटा वर करण्याचा मोह कशामुळे होतो, ते पाहू. खेळाडू धावतो, घामेजतो, धापा टाकतो. उच्छ्वासातली उष्ण, दमट हवा भिंगाला लागते. भिंगाचे तापमान त्या हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली असले, की बाष्पाचे बारीक थेंब भिंगावर जमतात. पावसाळ्यात बसच्या काचा आतून धुरकट होतात, तसेच. मग दिसेनासे होते आणि हात आपोआप मुखवट्याकडे जातो. अपघात नेमका या क्षणी होतो.

यावर दोन उपाय शोधले गेले आहेत. पहिला म्हणजे दुपदरी भिंग. दोन पदरांच्या मध्ये कोंडलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. त्यामुळे आतला पदर चेहऱ्याच्या बाजूने उबदार राहतो, दवबिंदूच्या खाली जात नाही आणि धुके धरत नाही. दुसरा उपाय म्हणजे भिंगाला आतून विशेष लेप देणे. या लेपामुळे पाण्याचे सुटे थेंब न होता एकसलग पातळ थर पसरतो. थेंब प्रकाश विखरतात, पातळ थर तो सरळ जाऊ देतो. एवढे करूनही धुके आलेच, तर काय करायचे? जागच्या जागी खाली बसा, मार्कर खाली ठेवा, हात वर करून पंचांना हाक मारा आणि त्यांच्याबरोबर मैदानाच्या बाहेर जाऊनच मुखवटा काढा. डाव गेला तर जाऊ द्या.

वेग मोजणारे यंत्र आणि दुपारचे ऊन

गोळीचा वेग डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मैदानावर क्रोनोग्राफ नावाचे वेगमापक यंत्र असते. त्याच्या एका प्रकारात ठरावीक अंतरावर दोन प्रकाशकिरण असतात. गोळी पहिला किरण तोडते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि दुसरा तोडते तेव्हा थांबते. किरणांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर ३०० फूट वेगाची गोळी ते सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागात पार करते. अंतर भागिले वेळ, झाला वेग! खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मार्करचा वेग असा तपासायचा असतो.

पण एकदा तपासून भागत नाही. पुष्कळ मार्कर कार्बन डायऑक्साइड वायूवर चालतात. बाटलीत हा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५६ पट असतो. ३० अंशांना तोच सुमारे ७१ पट होतो, म्हणजे जवळपास सव्वा पट. मार्करमध्ये दाब आवरणारी चांगली सोय नसेल आणि गोळीची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढली असे धरले, तर सकाळच्या गारव्यात २८० फूट भरलेला वेग दुपारी ३१० फुटांच्या पुढे जाईल. मर्यादा ओलांडली, आणि कोणी काही छेडछाडही केलेली नाही! म्हणून उन्हे चढली की वेग पुन्हा मोजायचा.

आणखी एक गोष्ट. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. त्यापुढे तो द्रवरूपात राहूच शकत नाही आणि भरलेल्या बाटलीतला दाब तापमानाबरोबर फार झपाट्याने चढतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत ३१ अंश म्हणजे काहीच नव्हे. तेव्हा अशी बाटली उन्हात किंवा मोटारीत ठेवणे म्हणजे संकटाला आवतण. आता अनेक ठिकाणी दाबलेली हवा वापरतात. तिचा दाब नियंत्रकामुळे स्थिर राहतो, पण बाटलीत तो वातावरणाच्या दाबाच्या दोनशे ते तीनशे पट असतो. दोन्ही प्रकारच्या बाटल्या मुलांनी खोलायच्या नाहीत. बाटली मार्करपासून सोडवताना तिची झडपच फिरून सैल होते आणि मग बाटली अग्निबाणासारखी उडते. २००४ च्या सुमारास अमेरिकेत अशा अपघातांत माणसे दगावली आणि तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला. हे काम जाणकारांचेच.

मार्करच्या नळीला बाहेरून एक जाड कापडी टोपी असते. ती दोरीने मागे अडकवलेली असते. चाप अडवून ठेवणारा खटकाही असतो. मग टोपी कशाला? कारण खटका माणूस विसरतो. चुकून चाप ओढला गेलाच, तर गोळी टोपीतच फुटते. एका बिघाडाला दुसरी आडकाठी हवी, हे अभियंत्यांचे जुने तत्त्व इथे कामाला येते. जाळीबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी टोपी चढलीच पाहिजे. आणि जमिनीवर पडलेली गोळी उचलून पुन्हा भरू नका. जिलेटिन ओल शोषून फुगते, तिला खडेही चिकटलेले असतात. अशी गोळी नळीत अडकते किंवा खड्यासकट उडते.

आपल्याकडची रंगपंचमी

पेंटबॉल परदेशी खेळ, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तर मग होळी-रंगपंचमीचा फुगा घ्या. पाणी भरलेला दोनशे ग्रॅमचा फुगा सेकंदाला १५ मीटर वेगाने फेकला, तर त्याची ऊर्जा होते साडेबावीस ज्यूल, पेंटबॉलच्या जवळपास दुप्पट. आता हाच फुगा समोरून त्याच वेगाने येणाऱ्या आगगाडीवर फेकला असे समजा. डब्याच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने दोन्ही वेगांची बेरीज होते, ३० मीटर. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, नव्वद ज्यूल! मुंबईच्या लोकलगाड्यांतील प्रवाशांना होळीच्या दिवसांत असे फुगे आणि पाण्याच्या पिशव्या लागून डोळ्यांना गंभीर इजा झाल्या आहेत. फेकणाऱ्याच्या मनात गंमत असते, पण सूत्राला गंमत कळत नाही. पेंटबॉलच्या खेळाडूने निदान मुखवटा घातलेला असतो आणि तो स्वतःहून खेळायला आलेला असतो. गाडीतल्या प्रवाशाचे तसे नाही. विटी-दांडूची टोकदार विटी आणि गलोलीचा खडा यांचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

करून पाहा

१. एका ताटात ओलसर बारीक वाळू सपाट पसरा. २५ सेंटिमीटर उंचीवरून एक गोटी सोडा आणि खड्ड्याची खोली मोजा. मग तीच गोटी १ मीटरवरून सोडा. उंची चौपट केली, की खाली पोहोचतानाचा वेग दुप्पट आणि ऊर्जा चौपट होते. दोन खड्डे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

२. एका छोट्या फुग्यात पाणी भरून तोंड बांधा. फुग्याच्या मध्यावर गोल फिरवून शाईच्या पेनाने सारख्या अंतरावर ठिपके काढा. आता फुगा पुढून-मागून दोन तळव्यांत हलकेच दाबा. ठिपक्यांमधले अंतर वाढलेले दिसेल. डोळ्यावर फटका बसतो तेव्हा बुबुळाच्या मुळाची आणि दृष्टिपटलाच्या कडेची हीच गत होते.

३. आरशाच्या अर्ध्या भागावर साबणाचा अगदी पातळ हात फिरवा आणि तो कोरड्या फडक्याने पुसा. आता संपूर्ण आरशावर तोंडाने वाफ सोडा. कोणत्या भागात चेहरा दिसतो? का?

गोळी लागलीच तर?

डोळ्यावर गोळी लागली, तर चोळू नये, दाबू नये, पट्टी आवळून बांधू नये. मनाने कोणतेही थेंब घालू नयेत आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी घेऊ नये, कारण तिने रक्तस्राव वाढतो. डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी पेल्याचा तळ त्याच्यासमोर धरावा आणि त्याची कड भोवतालच्या हाडावर टेकवावी. डोके उंच ठेवावे आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ‘आता नीट दिसते आहे’ म्हणून घरी थांबू नये. आतली इजा बाहेरून दिसत नाही. डोळ्यापुढे प्रकाशाच्या चमका, काळे ठिपके किंवा पडदा सरकल्यासारखे वाटले, तर दृष्टिपटल सुटत असल्याची ती खूण असू शकते. नुसता रंगाचा शिंतोडा डोळ्यात गेला असेल आणि फटका बसला नसेल, तर स्वच्छ पाण्याने डोळा धुणे पुरे.

सहलीपूर्वीचे प्रश्न

तुमची शाळा किंवा तुमचे घरचे लोक पेंटबॉलचा बेत ठरवतील, तेव्हा मैदानाच्या व्यवस्थापकांना हे प्रश्न विचारा. मुखवटे खास पेंटबॉलचे आहेत का? दुपदरी भिंगे आहेत का? प्रत्येक मार्करचा वेग आमच्यासमोर मोजून दाखवाल का? मर्यादा किती? प्रत्येक नळीला टोपी आहे का? बघ्यांच्या बाजूला जाळी आहे का, आणि प्रत्येक डावात पंच आत असतात का? वायूच्या बाटल्या कोण हाताळतो? यांतल्या एकाही प्रश्नाला ‘चालतं हो, काही होत नाही’ असे उत्तर मिळाले, तर सरळ दुसरा खेळ निवडा. शिक्षकांनीही हे प्रश्न विचारायला संकोच करू नये.

लांब बाह्यांचा सदरा, पूर्ण पायघोळ विजार, गळ्याभोवती मऊ रुमाल आणि चांगली पकड असलेले बूट घाला. धावताना पाय मुरगळतात आणि उन्हात मुखवट्याआड शरीर तापते, म्हणून डावांच्या मध्ये सावलीत बसून पाणी प्या. पण ते पिण्यासाठी मुखवटा काढाल तो जाळीबाहेर येऊनच.

आणि खेळताना रिची व्हाइट आठवा. या खेळाचा पहिला डाव त्याने जिंकला तो रान ओळखून, धीर धरून, पावलांचा आवाज न करता. त्यासाठी लागले ते पाहणारे, शाबूत असे दोन डोळे. मार्कर बिघडला तर दुसरा मिळतो, डाव गेला तर पुढचा खेळता येतो. डोळ्यांचे तसे नाही. मैदानावर धुके आले आणि हात मुखवट्याकडे गेला, तर तीन ग्रॅमचा हा हिशेब मनाशी म्हणा आणि हात खाली घ्या.